परभणीच्या जुन्या घराची दुरुस्ती : तीन दर आले आहेत, गुत्तेदार कोणता निवडावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत आई-वडिलांचे सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेले घर आहे. पुढचा भाग स्लॅबचा आहे आणि मागे आजोबांच्या काळातले माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छत, तसेच ठेवलेले आहे. स्वयंपाकघराचा ओटा आणि त्याखालची कपाटे, दोन खोल्यांतली कपडे ठेवायची कपाटे, संडास-न्हाणीघर नव्याने करणे, स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत काढणे आणि माळवदाची गळती थांबवणे एवढे काम आपल्याला काढायचे आहे. आपण पुण्यात नोकरीला आहात. एका गुत्तेदाराने सुतारकामाचा दर मटेरियलसह चौरसफुटाला १,३५० रुपये सांगितला, दुसऱ्याने ९५० रुपये सांगितला आणि तिसरा, जो वडिलांच्या ओळखीचा आहे, तो फक्त मजुरीवर काम करायला तयार असून निम्मी रक्कम उचल म्हणून मागतो आहे. सगळे पावसाळ्याआधी संपवायचे आहे आणि यांपैकी कोणाला काम द्यावे, असे आपण विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता असून परभणी, नांदेड आणि लातूर या भागांत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे बरीच वर्षे पाहतो आहे. माझ्या मते आपल्यापुढे तीन दर नाहीत, तीन वेगवेगळी कामे आहेत. काय करायचे, कशाने करायचे आणि मोजायचे कसे हे आपण तिघांनाही लिहून दिलेले नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे दर सांगितला. अशा दरांची तुलना होऊ शकत नाही आणि या टप्प्यावर सर्वांत कमी दराचा किंवा सर्वांत ओळखीचा माणूस निवडणे हे दोन्ही सारखेच धोक्याचे आहे. माझे पुढचे काही म्हणणे भिंत कोणत्या प्रकारची आहे, माळवदाचे लाकूड किती शाबूत आहे आणि कामावर घरचे कोण उभे राहणार आहे, यांवर अवलंबून आहे. तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

आधी मोजमापाचे पाहू, कारण भांडणे बहुतेक इथेच होतात. समजा एक कपाट ६ फूट रुंद, ७ फूट उंच आणि २ फूट खोल आहे. पहिला गुत्तेदार फक्त दर्शनी बाजू मोजत असेल, तर ते ४२ चौरसफूट भरते आणि १,३५० च्या दराने ५६,७०० रुपये होतात. दुसरा गुत्तेदार दोन्ही बाजूच्या उभ्या फळ्याही मोजणारा असेल, तर प्रत्येकी १४ याप्रमाणे २८ चौरसफूट वाढून ते ७० होतात आणि ९५० च्या दरानेही ६६,५०० रुपये बिल येते. आतले कप्पे आणि वरचा माळा त्याने वेगळे धरले, तर आकडा आणखी चढतो. यात तो आपल्याला फसवतो आहे असे म्हणता येत नाही. त्याची मोजण्याची पद्धत तशी आहे आणि ती कोणी विचारली नाही, इतकेच. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचारावा: या एका कपाटाचे, या मापाचे, कड्या-बिजागऱ्या आणि कुलपासह, आत-बाहेर सनमायका लावून, उभे करून दिल्यावर एकूण किती रुपये होतील? चौरसफुटाचा दर बाजूला ठेवून प्रत्येक वस्तूची एकूण रक्कम मागितली, की दर आपोआप एका पातळीवर येतात. रंगकाम आणि गिलाव्यातही दारे-खिडक्यांची वजावट करणार की नाही, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

आता वस्तू कोणत्या प्रतीची, याविषयी. प्लायवूड म्हणताना नुसते ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द स्वीकारू नये. भारतीय मानकांप्रमाणे आयएस ३०३ मध्ये साधा ओलावा सहन करणारा एमआर आणि उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारा बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात, तर आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक आहे आणि त्याचा चिकटपणा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. प्लायच्या प्रत्येक तावावर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर टाकला की परवाना खरा आहे की नाही हे लगेच कळते. ताव आले की त्यांची कड उजेडात धरून पाहावी. आतल्या थरांमध्ये पोकळ फटी दिसल्या, एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला किंवा बोटाच्या पेराने ठोकल्यावर मध्येच पोकळ आवाज आला, तर तो ताव परत पाठवावा. ८ बाय ४ चा ताव कापल्यानंतर कोणताही दुकानदार परत घेत नाही, म्हणून ही पाहणी गाडीतून माल उतरताच व्हायला हवी.

सगळ्या घराला मरीन प्लाय लावण्याची मात्र गरज नाही. कोरड्या खोलीतल्या कपाटाला बीडब्ल्यूआर प्रतीचा १८ किंवा १९ मिलिमीटरचा प्लाय आणि मागे ६ मिलिमीटरचा ताव पुरेसा होतो. तिथे वाचलेले पैसे चांगल्या बिजागऱ्यांवर आणि ड्रॉवरच्या चॅनलवर खर्च करावेत, कारण रोज हात लागतो तो त्यांना. ओट्याखाली तर मी बहुतेक घरांना लाकडी सांगाडाच करू देत नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, सिंकच्या जोडांवर क्षार साचून ते कधीतरी झिरपतातच, आणि ओल मिळाली की मागोमाग वाळवी येते. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून त्यांना फक्त पुढची दारे बसवली, तर पाणी सांडले तरी सांगाड्याला काही होत नाही आणि दार खराब झाले तर तेवढेच बदलता येते. दिसायला ते मॉड्युलर किचनसारखे चकचकीत नसेल, पण आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना सांभाळायला तेच सोपे आहे.

कामाचा कोणता भाग गुत्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेत, द्यायचा आणि कोणता हजेरीने, म्हणजे रोजच्या मजुरीवर, हा निर्णय बहुतेक लोक घेतच नाहीत आणि सगळे एकत्र उक्ते देऊन टाकतात. ज्या कामाचे माप आधी घेता येते, म्हणजे फरशी, टाइल्स, ओटा, कपाटे, रंग, ते गुत्त्याने द्यावे. जे उघडल्याशिवाय कळत नाही ते हजेरीने करून घ्यावे. आपले माळवद याच दुसऱ्या प्रकारात मोडते. वरची माती काढल्यावर किलचणाच्या, म्हणजे तुळयांवर मातीखाली बसवलेल्या लाकडी थराच्या, किती फळ्या कुजल्या आहेत आणि तुळयांची भिंतीतली टोके वाळवीने खाल्ली आहेत का, हे तेव्हाच दिसते. अशा कामाचा उक्ता भाव सांगणारा गुत्तेदार एकतर भरपूर जास्त सांगतो किंवा कमी सांगून अर्ध्यावर अडून बसतो. इथे जाणता गवंडी आणि सुतार रोजाने लावावेत, मात्र घरचे माणूस हजर असेल तरच, कारण हजेरीचे काम देखरेखीशिवाय लांबत जाते.

या माळवदातल्या लाकडाविषयी आवर्जून सांगतो. आपल्या भागातल्या जुन्या वाड्या-घरांत तुळया, खांब आणि चौकटी बहुधा सागवानाच्या असतात. असे मुरलेले सागवान आज बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाले तर घनफुटाला चांगली किंमत मोजावी लागते. ‘पाडकामाचा मलबा गुत्तेदार उचलून नेईल’ असे एक साधे वाक्य दरपत्रकात असते आणि त्या मलब्याबरोबर तुळया, जुनी दारे, पितळी कड्या आणि शहाबादी फरशाही ट्रॅक्टरमध्ये जातात. पाडकामातून निघालेले लाकूड, लोखंड आणि फरशी मालकाची राहील, हे स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावे, पाडण्याआधी फोटो काढावेत आणि तुळया मोजून त्यांवर खडूने आकडे घालावेत. चांगल्या तुळईतून दाराची चौकट आणि देवघराच्या फळ्या निघू शकतात.

माळवदाची गळती थांबवण्यासाठी वरून आणखी मातीचा किंवा काँक्रीटचा थर टाकू, असे कोणी सुचवले तर होकार देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी घरे कोसळली त्यांत चिखलात बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे माती चढत गेलेली जड माळवदे यांचे प्रमाण फार मोठे होते. माणसे त्या वजनाखाली गाडली गेली. परभणीत राहणाऱ्यांना ही दूरची गोष्ट वाटायचे कारण नाही, कारण २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेले धक्के परभणी-नांदेडपर्यंत जाणवले होते. म्हणून माळवदावरचा भार कमी करण्याच्या दिशेनेच दुरुस्ती व्हावी. जादा माती उतरवून, लाकूड दुरुस्त करून, वर उताराचे हलके पत्रे टाकणे हा बहुतेक घरांसाठी स्वस्त आणि सुरक्षित मार्ग असतो. तुळयांची टोकेच गेली असतील, तर मात्र तो भाग उतरवून घेण्याखेरीज पर्याय नाही.

भिंत काढण्याच्या बाबतीत मी आणखी ठाम आहे. तीस वर्षांपूर्वीची आपल्याकडची बरीच घरे कॉलम-बीमची नसून भिंतींवर स्लॅब टेकवलेली आहेत. त्यांत ९ इंची किंवा त्याहून जाड भिंत ही नुसता आडोसा नसते, तिच्यावर छत उभे असते. ‘काही होत नाही, आम्ही अशा कितीतरी काढल्या’ या आश्वासनावर ती काढू नये. संरचना अभियंत्याला घर प्रत्यक्ष दाखवावे. भिंत भार घेणारी निघाली, तर आधी छताला टेकू देऊन, वर लोखंडी किंवा आरसीसी तुळई बसवून मगच खाली मोकळी जागा करता येते. त्याचा खर्च ऐकून पुष्कळ लोक भिंत ठेवून तिच्यात फक्त दाराएवढे किंवा खिडकीएवढे रुंद भगदाड करून घेतात आणि तेही अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हायला हवे. अभियंत्याची फी या सगळ्या खर्चात लहान आहे, ती वाचवू नये. घर काळ्या मातीवर असेल आणि उन्हाळ्यात भिंतींना तडे जाऊन पावसाळ्यात ते मिटत असतील, तर तेही त्याला सांगावे. ती माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते, त्यामुळे अशा तड्यांवर वरून लांबी (पुट्टी) भरून काही उपयोग होत नाही.

संडास-न्हाणीघरात टाइल्स सर्वांना दिसतात, पण पैसे वसूल होतात ते टाइल्सच्या मागच्या कामात. फरशी लावण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग झालेल्या तळात पाणी भरून किमान २४ तास ठेवावे आणि बाजूच्या भिंतीला ओल येते का ते पाहावे. भिंतीतल्या पाइपांना दाबाने पाणी सोडून जोड तपासल्याशिवाय गिलावा करू देऊ नये. जड पाण्यात जुने लोखंडी पाइप गंजून आणि क्षार साचून आतून अरुंद होत जातात, म्हणून सीपीव्हीसी या प्लास्टिकचा पाइप घ्यावा, आणि बोअरची व महानगरपालिकेच्या नळाची ओळ वेगळी ठेवावी. भिंत बंद होण्यापूर्वी टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, तर पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे कळते. विजेच्या तारा गीझर आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या असाव्यात आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. म्हातारी माणसे ओल्या हाताने गीझरचे बटण दाबतात, त्यामुळे ही गोष्ट मी कुठल्याही घरात ऐच्छिक ठेवत नाही. आई-वडिलांसाठी कमोडशेजारी पकडायची दांडी लावायची असेल, तर तिची जागा टाइल्स लागण्याआधीच ठरवावी.

आता उचलीचा प्रश्न. निम्मी रक्कम आधी देऊ नये, मग तो वडिलांचा कितीही ओळखीचा असो. मजुरीवर काम करणाऱ्याला माल आणायचाच नसतो, मग एवढी उचल कशासाठी लागते, हे त्याला सरळ विचारावे. कित्येकदा आधीच्या घराचे अडलेले मजुरांचे पैसे आपल्या उचलीतून दिले जातात, आणि मग आपले काम पुढच्या घराच्या उचलीची वाट पाहत पडून राहते. ठरवताना दहा टक्क्यांच्या आसपास विसार द्यावा आणि पुढची रक्कम पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधावी: पाडकाम व भिंतीचे काम, तपासून झालेले पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी, टाइल्स व ओटा, कपाटांचे सांगाडे उभे राहणे, आणि शेवटी दारे, कड्या व पॉलिश. मटेरियलसह काम द्यायचे असेल, तर प्लाय, सनमायका आणि टाइल्सचे पैसे गुत्तेदाराच्या हाती न देता दुकानदाराला थेट द्यावेत आणि बिल आपल्या नावाचे घ्यावे. गुत्तेदाराची जीएसटी नोंदणी असेल, तर अशा कामावर १८ टक्के कर लागतो. तो दरात धरला आहे की वरून येणार आहे, हे सुरुवातीलाच विचारावे, नाहीतर शेवटच्या बिलात तो अचानक समोर येतो. पाच ते दहा टक्के रक्कम मी नेहमी एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायला सांगतो. आपल्या हाताचे काम माहीत असलेला गुत्तेदार याला कुरकुर करतो, पण नाकारत नाही.

माणूस पारखताना त्याने नुकतेच संपवलेले घर पाहू नका, कारण नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते. दोन पावसाळे काढलेले घर दाखवायला सांगा. तिथे ड्रॉवर ओढून पाहा, कपाटाच्या दारांच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीचा रंग फुगला आहे का ते पाहा, आणि त्या घरच्या बाईंना एवढेच विचारा की काम झाल्यावर दुरुस्तीसाठी बोलावले तेव्हा तो आला का. प्रत्यक्ष सुतारकाम कोण करणार, त्याची स्वतःची माणसे आहेत की तो दुसऱ्याला वाटून देतो, आणि सध्या त्याची किती घरे चालू आहेत, हेही विचारावे. एका वेळी अनेक ठिकाणी हात घातलेला माणूस कुशल असला तरी आपल्या घरी रोज दिसणार नाही.

आपण पुण्यात असल्यामुळे पैशाचे बोलणे आपल्याकडेच ठेवा. वडिलांची आणि गुत्तेदाराची जुनी ओळख असेल, तर रोज कामावर त्यांनाच कठोर बोलावे लागणे योग्य नाही. गुत्तेदार ‘काका, एवढे वाढले’ म्हणाला की ते नाही म्हणू शकणार नाहीत. कोणताही बदल किंवा वाढीव काम आधी आपल्याला व्हॉट्सॲपवर रकमेसह लिहून यावे आणि आपल्या लेखी होकाराशिवाय त्याचे पैसे मिळणार नाहीत, असे करारातच घाला. करार साध्या कागदावर असला तरी चालेल, पण प्रत्येक पानावर दोघांची सही हवी, आणि त्यात खोलीनिहाय काम, मालाची प्रत, मोजण्याची पद्धत, टप्पे आणि मुदत हवी. पुढे वाद झालाच, तर बिले, बँकेतून दिलेले पैसे आणि हा कागद यांच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते.

पावसाळ्याआधी सगळे संपवण्याचा आग्रह मात्र सोडावा, अशी माझी विनंती आहे. गवंडीकामावर उन्हाळ्यात किमान १० दिवस पाणी मारावे लागते, आणि परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. त्या काळात घरात पिण्याच्याच पाण्याची ओढ असेल, तर गुत्तेदाराची माणसे पाणी मारण्यात हात आखडता घेतात. ओल्या भिंतीला घाईने कपाट टेकवले, तर मागचा ताव बुरशी धरतो. म्हणून आधी माळवद आणि संडास-न्हाणीघर घ्यावे, कारण पावसाने बिघडणारी कामे तीच आहेत. सुतारकाम भिंती पूर्ण वाळल्यावर, पाऊस ओसरल्यावर काढावे. त्यात दिवाळीची सुट्टी आणि राजस्थान-उत्तर प्रदेशाकडच्या सुतारांचे गावी जाणे धरूनच मुदत ठरवावी. असे दोन भाग केल्याने आणखी एक सोय होते: आई-वडिलांचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच वेळी बंद पडत नाही. संडासाचे काम चालू असेपर्यंत त्यांच्यासाठी दुसरी सोय कुठे आहे, हे पाडकामाचा पहिला घाव पडण्याआधी नक्की करून ठेवा.

तिघांपैकी कोण, याचे माझे आजचे उत्तर असे आहे. माळवदाचे काम हजेरीने करून घ्या आणि तो ओळखीचा गुत्तेदार मोठी उचल न घेता तयार असेल, तर ते त्याला द्या, कारण तिथे जवळच्या माणसाच्या ओळखीचा खरा उपयोग होतो. सुतारकामासाठी पहिल्या दोघांना वर लिहिल्याप्रमाणे एकच लेखी यादी देऊन प्रत्येक वस्तूची एकूण रक्कम मागवा. जो मोजण्याची पद्धत आणि प्लायची प्रत न कचरता लिहून देईल, त्याची रक्कम थोडी जास्त असली तरी त्याला काम द्या. मधल्या भिंतीची जाडी, तिच्या वर छतात तुळई दिसते का, आणि माळवदाच्या तुळयांच्या टोकांचे फोटो आपण पाठवलेत, तर त्या दोन कामांविषयी मी अधिक नेमके लिहू शकेन.